खैरुनबीच्या कमरेएवढं कुंपण

राजारामपुरीतल्या वकिलांच्या बंगल्याला नऊ वर्षं कुलूप होतं. वकील वारले, मुलं कोर्टात गेली, आत घुशी नांदू लागल्या आणि बाहेरचं मेंदीचं कुंपण खैरुनबीकडे आलं. तिनं वारसांना तसं कळवलं नाही. त्यांचं आपापसांतच इतकं चाललेलं. त्यात आणखी एक वाटेकरी कशाला?

खैरुनबी मेंदी करून विकायची. पाला सावलीत वाळवायचा, उखळात कुटायचा, जुन्या मलमलीतून गाळायचा. तिची मेंदी नवरा जुना होईतो उतरत नाही, अशी ख्याती होती. कबनूरच्या लग्नघरांतूनही माणसं यायची. दीड-दोन महिन्यांनी ती विळा घेऊन जायची आणि कुंपण कमरेएवढं छाटायची. स्वतःच्या कमरेएवढं. वाकायला नको, हात उचलायला नको.

सत्याहत्तर साली गल्लीतला जोतीराम चित्रकला शिकून, दाढी वाढवून मुंबईहून परतला. वारसांची परवानगी काढून त्यानं बंगल्यातच प्रदर्शन मांडलं. भिंतीतला पिंपळ, न्हाणीतलं अळू, मोडक्या खुर्चीतून वर आलेला एरंड. चित्र एकही नाही. चित्रकार असून चित्र नाही, म्हणजे शिक्षण फारच वरचं झालं असणार, असं गल्लीनं ठरवलं. कुंपणापाशी पाटी होती. ती शेजारच्या शालूबाईनं खैरुनबीला वाचून दाखवली: 'नऊ वर्षं माणसाचा हात लागला नाही, तरी हे कुंपण आपली उंची विसरलेलं नाही.' खाली आणखी एक ओळ: 'पानाला हात लावू नये.'

पहिल्या ओळीचं खैरुनबीला काही वाटलं नाही. दुसरी तिनं शालूबाईकडून पुन्हा वाचून घेतली. ईद महिन्यावर आलेली, आणि वर्षाची निम्मी मेंदी ईदलाच खपायची. ती जोतीरामाकडे गेली. त्यानं तिला बसवून, चहा पाजून, पाला म्हणजेच स्मृती हे नीट समजावलं. स्मृती ईद झाल्यावर काढा म्हणाला.

तिनं विळा खुंटीला अडकवला. पुढं तीन आठवडे पाऊस पडला, आणि मेंदीला पावसात काही समजावावं लागत नाही. कुंपण एकीकडे डोक्यावर गेलं, दुसरीकडे रस्त्यात आलं. लोक पाटी वाचायचे, कुंपण बघायचे, मग जोतीरामाकडे बघायचे. आणि शनिवारी मुंबईचे समीक्षक येणार होते. शुक्रवारी उजाडताच जोतीराम तिच्या दारात उभा.

"मावशी, जरा पहिल्यासारखं करून द्या की."

"माणसाचा हात लागंल त्याला."

"पाला सगळा तुमचाच."

"ह्या खेपंचा न्हवं, दर खेपंचा. आन् पाटीवरची ती खालची वळ पुस."

"आणि वरची?"

"ऱ्हाऊ दे की. खोट्यानं काय पाला सुकत न्हाय."

तासाभरात कुंपण कमरेवर आलं. ती पोती भरत होती तोच समीक्षक टपकले, एक दिवस आधीच. त्यांनी ताज्या कापावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि घरं माणसांना विसरतात पण झाडं घरांना विसरत नाहीत, असं काहीसं बोलू लागले. ते नेमके फाटकात उभे होते.

"पावणं, वाईच बाजूला व्हा," खैरुनबी पोतं कमरेवर घेत म्हणाली. "पाला पोत्यात तापला की रंग जातोय."