चोरबाईची हार

कुंपणांचे अलार्म बनवणाऱ्या त्या कारखान्यात बावीस वर्षं तिचं काम एकच, चोरी करणं. नवा माल मागच्या आवारातल्या कुंपणावर बसवायचा आणि घंटा वाजू न देता हिने तो कापायचा, नाहीतर उचकटायचा. सगळे तिला चोरबाई म्हणत आणि तिलाही त्याचा कोण अभिमान! भल्याभल्या इंजिनिअरांचा माल तिने दोन-दोनदा परत पाठवला होता.

या खेपेला मात्र पंचाईत होती. कुंपणाला चिकटवायची नवी पट्टी प्रयोगशाळेतल्या तिच्याच लेकीने बनवली होती. जरा वाकला, ताणला की घंटेला वीज पाठवणारा पातळ पापुद्रा होता त्यात. पट्टी पास झाली तर लेक नोकरीत कायम, नाहीतर महिनाअखेरीला घरी.

"बाई, या वेळी दुसरं कुणी तपासू दे," साहेब म्हणाले.

"का? माझ्या हातांना काय धाड भरलीय?"

कात्री लावली, घंटा वाजली. हिसका दिला, वाजली. लेकीचा चेहरा खुलला. मग बाईने स्टूल ओढलं, बैठक मारली आणि नखाने पट्टीचं टोक सोडवायला घेतलं, इतकं सावकाश की बघणाऱ्यांना जांभया आल्या. पाऊण तासाने अख्खी पट्टी तिच्या हातात आणि घंटा ढिम्म. पापुद्र्याला धक्का तेवढा कळायचा; इतकी हळू हालचाल त्याच्या गावीच नव्हती.

"आई, एवढा वेळ कुठला चोर बसतो गं?" लेकीचा आवाज चिरकला.

"ज्याला आत जायचंय तो बसतो."

घरी आठवडाभर अबोला. बाईला अन्न गोड लागेना, पण शब्द मागे घेईल तर ती बाई कसली! साहेबांनी आणखी एकच संधी दिली होती. लेकीने पट्टीखालच्या डिंकातच केसासारखी बारीक तार नागमोडी बसवली. पट्टी कितीही हळू सोडवा, तार तुटणार आणि तुटली की घंटा वाजणार.

बाईने नख लावलं, पातं लावलं, डिंक भिजवून पाहिला. सकाळ गेली, दुपार गेली. चारच्या सुमाराला पट्टी बोटभर सुटते न सुटते तोच घंटा अशी कोकलली की सगळा कारखाना आवारात गोळा झाला.

लेक मात्र जागची हलेना. "आई, खरं सांग. मुद्दाम वाजवलीस?"

बाईने दोन्ही हात पुढे केले. नखं मुळापर्यंत तुटली होती, बोटं सोलवटली होती.

"होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं गं. हरले!" आवारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझ्या पोरीनं हरवलं मला!"