गाठीचा टाका

भरतकामावरून माणसं हात फिरवतात ते कौतुकानं. इंदूमावशीचं बोट मात्र कपिलेच्या मानेपाशी येऊन थबकलं.

कपिला म्हणजे तिची गेलेली गाय. मावशीच्या मोबाईलमधल्या एकुलत्या एका फोटोवरून मी ती कापडावर भरली होती. अंगाचा तांबूस रंग मशीनवर, गडद धाग्याकडून फिक्याकडे नेत. मानेवरचे, पाठीवरचे ठिपके मात्र हातानं. फोटोत ते जरा उठून दिसत होते, म्हणून गाठीचा टाका घेतला. सुईला दोन वेढे दिले, की एक गाठ. अशा शंभरेक गाठी मी मन लावून भरल्या आणि स्वतःवर खूशही झाले.

"हे ठिपके नव्हेत गं," मावशी म्हणाली. "लम्पीच्या गाठी आहेत या. त्यातच गेली ती. डॉक्टरला दाखवायला फोटो काढला होता."

चांगल्या दिवसांत तिचा फोटो काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. धडधाकट जीव रोज समोर असतो, म्हणून आपण त्याच्याकडे बघतच नाही. आणि मी तर निरखून निरखून बघितलं होतं! रंग बघितला, छटा बघितल्या, पोत बघितला. दुखणं तेवढं दिसलं नाही. नजर कसबी झाली की निर्दयही होते की काय, कोण जाणे.

"उसवते मी," म्हणत मी कात्री उचलली.

"राहू दे. तिच्या कुठं उसवता आल्या?"

मग मावशीचं बोट एकेका गाठीवरून हलकेच फिरत राहिलं, आजारी कपिलेला हळद लावताना फिरायचं तसं.