घेणाऱ्याची सही

माझ्या हाताखालून गेलेला कागद परत येत नाही, अशी माझी कंपनीत ख्याती आहे. भोसरीच्या एका वर्कशॉपात मी पंधरा वर्षं क्वालिटीला आहे. पार्ट मोजायचा, आकडा लिहायचा, सही ठोकायची. व्हाइटनर चालत नाही, गिरवलेलं चालत नाही; चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला सही करायची. आणि काहीही सोडायचं नाही. एक रकाना रिकामा दिसला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो घोळ घातला तो याच शिस्तीपायी.

लेक सातवीत असताना आजारी पडली. सांधे धरणारा ताप. गुडघे, मनगटं, बोटं सुजायची. डॉक्टरांनी हृदयाला जपा म्हणून बजावलं आणि जिने बंद केले, आणि तिचा वर्ग नेमका तिसऱ्या मजल्यावर. उरलेली सातवी आणि अख्खी आठवी तिने घरीच केली, संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत. माझी पहिली शिफ्ट, नवऱ्याची चाकणला दुसरी. तो मेंटेनन्सला आहे. सकाळी तो तिच्याजवळ, संध्याकाळी मी. मधले अडीच तास ती एकटीच असायची, शेजारच्या काकू तेवढ्या एकदा दार वाजवून बघून जायच्या.

दिवाळीनंतर तब्येत सुधारली, जूनपासून जिने चढायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, तशी मी शाळेत जाऊन मोठ्या मॅडमना भेटले. बाई सरळ बोलणारी. म्हणाल्या, जूनमध्ये तिला एक नवा धडा देऊ. एका तासात तिने एकटीने वाचून त्याचं टिपण काढायचं. नववीत शेजारी बसून समजावणारं कोणी नसतं, तेव्हा तेवढं तरी जमायला हवं. जमलं तर नववी, नाहीतर परत आठवी. घरी येऊन मी पोरीला हे सांगितलं. जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, की खालच्या वर्गात बसवलं तर ती शाळेत जाणारच नाही. तिच्या दोघी मैत्रिणी दर रविवारी येऊन सांगायच्या, नववीत तिसरा बाक तुझा. ते ऐकताना तिचा चेहरा बघवायचा नाही मला.

मग काय, मी पदर खोचला. टिपण म्हणजे काय, ते माझ्याइतकं कोणाला कळणार? प्रत्येक परिच्छेदाला नंबर दे म्हटलं. प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा, प्रत्येक व्याख्या उतरव. काही सुटता कामा नये. चुकलं तर एक रेघ आणि सही. बिचारीने तेरा वर्षांच्या हाताने एक वळणदार सही तयार केली, आणि लागली कामाला.

सागरी प्रवाहांचा धडा होता सहा पानांचा. तिचं टिपण झालं अकरा पानं! मी कामावरून आले, लाल पेन घेऊन तपासायला बसले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. एकही आकडा सुटला नव्हता. मग सहज विचारलं, की हे प्रवाह वाहतात कशाने? ती वही उघडायला लागली. वही न बघता सांग, म्हटलं. तिला एक वाक्य येईना. मी भडकले. एवढं लिहिलंस ते हाताने लिहिलंस की डोक्याने, असं नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी तिने तोच धडा परत उतरवला. महिनाभर हेच चाललं.

आमच्या भोसरीत गुरुवारी सुट्टी. अशाच एका गुरुवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि बापलेक टेबलाशी बसले होते. त्याने तिचा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अगं, हिची बोटं बघ जरा." पहिली दोन बोटं पेरांपाशी सुजली होती. तिने आठवडाभर लपवलं होतं माझ्यापासून. मी रागावेन म्हणून. लाटणं तसंच राहिलं हातात. ज्या सांध्यांना जपायला शाळा सोडली, तेच मी घरात बसवून सुजवले होते.

नवऱ्याने वही पालथी घातली आणि खिशातून आपली डायरी काढली. ऑइलचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली. त्याच्या अक्षराची मी लग्नापासून टिंगल करत आले आहे. आयटीआय झालेला माणूस, अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये पुढच्या माणसाला जे लिहून द्यायचं, ते तो आधी या डायरीत जुळवतो. त्याने एक पान तिच्यापुढे धरलं. "प्रेस तीन. ऑइल गळत होतं. सील बदललं. बाकी: पाइप जुना झालाय, लक्ष ठेवा." संपलं. आठ तासांची शिफ्ट, आणि दोन ओळी.

"तुमची मशीन आणि तिचा भूगोल, काय संबंध?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलत राहिला. "पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, त्याच्यापुढं मशीन उभीच हाय. मग मशीन कशी दिसते ते कशापायी लिव्हायचं? त्याला जे दिसणार न्हाई, तेवढंच लिव्हायचं. तुझं पुस्तक कुठं पळून चाललंय व्हय? आधी वाचायचं. मग पुस्तक मिटायचं, हात धुऊन यायचं. आन् मग लिव्हायचं."

"आणि बाकी म्हणजे?" तिने विचारलं.

"जे आपल्याच्यानं झालं न्हाई ते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं न्हाई. त्याच्याखाली रेघ मारायची, तिथं घेणारा सही करतो. सही केली की ते काम त्याचं."

मी फणकाऱ्याने पोळी तव्यावर टाकली. रिकामा रकाना दाखवायचा आणि वर त्याखाली रेघ मारायची, हे माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं. दोन दिवस मी घुश्शातच होते. पण बोटांची सूज डोळ्यांपुढून हलत नव्हती, म्हणून तोंड मिटून बसले.

शनिवारी कामावरून आले तर टेबलावर एकच पान. वर तिने लिहिलं होतं, मम्मीच्या शिफ्टसाठी. खाली सात ओळी. वारा पाणी ढकलतो. गरम पाणी ध्रुवाकडे निघतं, थंड पाणी इकडे येतं. जिथे दोन्ही भेटतात तिथे धुकं आणि भरपूर मासे. पुस्तक मिटून लिहिलेलं कळत होतं, कारण एकही वाक्य पुस्तकाचं नव्हतं. आणि शेवटी: "बाकी: गरम आणि थंड पाणी लगेच एकमेकांत मिसळून का जात नाही?" त्याखाली रेघ.

मला येत नव्हतं उत्तर. मी, जिने महिनाभर तो धडा तपासला होता, तिला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी चिडते का ते. मी पेन काढलं आणि सही केली. मग आली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर शोधत बसले, जेवणाच्या सुट्टीत एका नव्या इंजिनिअर पोरीला धरलं. तिने कॅन्टीनच्या ग्लासात गरम चहावर गार दूध अलगद सोडून दाखवलं, आणि ते आधी तळाशी गेलं. संध्याकाळी मी तेच लेकीला करून दाखवलं. ती इतकी खुश झाली की तिने चहा प्यायलाच नाही, ग्लासाकडे बघतच राहिली.

तेव्हापासून जूनपर्यंत आमच्या घरात तीन शिफ्ट चालल्या. तो निघताना तिला गणितं लावून जायचा, ती मला पान लिहून ठेवायची, मी सही करून रोज नवीन काहीतरी शिकत बसायचे. नवऱ्याला मी कधी तोंडावर चांगलं म्हणत नाही, तशी खोडच आहे माझी. पण त्या चार महिन्यांत मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि थोडी जळलेही. लेकीचं तर काय सांगू. बोटं दुखली की ती डाव्या हाताने पान धरायची, थांबायची, आणि कमी शब्दांत तेच कसं बसेल याचा विचार करायची. तेवढी अक्कल मला पस्तिशीतही नव्हती.

जूनमध्ये आम्ही तिघं शाळेत गेलो. मॅडमनी तिला भूकंपाचा धडा दिला आणि आपल्याच ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. दाराच्या काचेतून दिसत होतं: ती वाचत होती, मग तिने पुस्तक मिटलं, मॅडमना विचारून हात धुऊन आली. नवरा गालात हसला. तासाने आम्हाला आत बोलावलं तेव्हा मॅडमच्या हातात अर्धं पान होतं. मी वाकून बघितलं. शेवटी लिहिलं होतं: "बाकी: भूकंप कधी होणार हे आधी सांगता येत नाही म्हणतात. का येत नाही, ते मला कळलं नाही." आणि त्याखाली रेघ. परीक्षेत कोणी असं लिहितं? हात दाखवून अवलक्षण! गेली नववी, गेला तिसरा बाक, असंच वाटलं मला.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, "ही रेघ कसली?"

"घेणाऱ्याच्या सहीची," लेक म्हणाली. "जो सही करतो, त्याने मग माझं राहिलेलं बघायचं असतं."

 मॅडमनी चष्मा नीट केला, पेनचं टोपण काढलं, आणि त्या रेघेवर सही केली. मग खाली तारीख घातली आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या, "सोमवारी सकाळी सातला ये. नववीच्या वर्गात."

मला रडूच फुटलं, सगळ्यांसमोर, ऑफिसात. आधाराला म्हणून नवऱ्याकडे वळले, तर तो आमच्याकडे पाठ करून भिंतीवरचं दहावीचं वेळापत्रक वाचत होता आणि पुन्हा पुन्हा नाक ओढत होता.