सहा वर्षांची आत्या

आमच्या घरात मी आई झाले, तेव्हा माझी मोठी जाऊ सासू व्हायच्या घाईत होती. तिचा थोरला मुलगा नुकताच नोकरीला लागला होता, त्याच्यासाठी पोरी बघणं चाललं होतं, आणि मध्येच मी, त्रेचाळीस वर्षांची धाकटी जाऊ, चिंचा मागू लागले. खामगावातल्या आमच्या शाळेत बायांनी तोंडावर अभिनंदन केलं आणि माझी पाठ वळताच माझं वय मोजायला बसल्या. बसू द्या म्हटलं. चष्मा, केसांचा रंग, सुटलेली कंबर, माझं सगळं उघड्यावरच होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण एवढ्या उशिरा माहेर तरी कुठलं उरतं? आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि भावजय स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणात अडकलेली. मी तोंड उघडायच्या आत जाऊ पिंपळगाव राजाहून येऊन दारात उभी.

"माह्या घरी चाल. मी काय मेली काय?"

मग भर उन्हाळ्यात, माणसं सावली शोधत फिरत असताना, मी बाजेवर आणि बाजेखाली ओव्याची शेगडी. घाम पुसत कुरकुरले की ती म्हणे, "शाळेत तू मास्तरीन. इथं मी सांगीन तसं." माझ्या लेकीच्या अंगावर पहिलं झबलं चढलं तेही तिनं पेटीत जपलेलं, थोरल्या पुतण्याचं. तो दारातून डोकावला आणि म्हणाला, "काकू, हे तं माहं हाय!" ओठावर चांगली झुपकेदार मिशी आणि बोट त्या वीतभर झबल्याकडे. आम्ही दोघी जावा इतक्या हसलो की माझे टाके दुखायला लागले.

उशिरा आई होण्याचे फायदे आहेत आणि ते मी खुशाल मिरवते. पंचविशीत मी वर्गात खडू फेकून मारायची. चाळिशीपर्यंत लोकांच्या पोरांनी माझं डोकं थंड करून ठेवलं. माझी लेक भर बाजारात जमिनीवर लोळण घेते तेव्हा मी भाजीची पिशवी खाली ठेवून निवांत उभी राहते. लोळणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली आहेत, सगळी उठतात. तिची वेणी घालायला अर्धा तास लागला तरी माझं काही हुकत नाही, कारण मला जे काही व्हायचं होतं ते मी होऊन बसले आहे. शिवाय ती मला फार आवडते. पंचविशीतली आई असते तर कदाचित हे सांगायला लाजले असते. आता लाजायचं वय गेलं.

तोट्यांचं म्हणाल, तर ऑटोवाला "आजी, नातीला आत घ्या" म्हणतो ते सोडून द्या. मीही त्याला "हो बाबा" म्हणते, नात तर नात. खरा तोटा म्हणजे कंबर. लेक चार वर्षांची असताना माझ्या कंबरेत अशी उसण भरली की डॉक्टरांनी वजन उचलायलाच बंदी केली. "लेकरूसुद्धा?" मी विचारलं. "मी लेकराबद्दलच बोलतोय, बाई," ते म्हणाले. तेव्हापासून ती हात वर करते आणि मी खाली बसते. उभ्यानं कडेवर नाही, बसून मांडीवर, असा आमचा दोघींचा करार आहे.

आणि कंबरेपेक्षा जास्त दुखणारी एक गोष्ट आहे. लेक कॉलेजात जाईल तेव्हा मी पेन्शनीत असेन. तिचे बाबा माझ्याहून मोठे. तिला भाऊ नाही, बहीण नाही. आम्ही दोघं गेल्यावर हिचं कोण? हा प्रश्न पोळी लाटताना येतो, फळ्यावर तारीख लिहिताना येतो, आणि आला की हात थांबतो. कुणाजवळ बोललेही नव्हते.

गेल्या हिवाळ्यात त्या थोरल्या पुतण्याला मुलगा झाला. बारसं पिंपळगावलाच होतं. आमच्याकडे नाव आत्या ठेवते. पाळण्यावर वाकून ती बाळाच्या कानात नाव सांगते आणि सांगून झालं की भोवतालच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. जावेला दोन्ही मुलगेच. त्यामुळे घरात आत्या एकच, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

पाळण्याजवळ कुजबुज सुरू झाली. सुनेच्या माहेरच्या एक बाई म्हणाल्या, "एवढुसं लेकरू काय नाव ठेवीन? मोठी आत्या नाई काय कोनी?" लांबच्या नात्यातली एक होती, जरीच्या साडीत, पदर सावरून तयारच. मला वाटलं, कशाला उगाच वाद. मी जावेला हळूच म्हटलं, "बाई, राहू द्या ना. नाव विसरून गेली तं?"

जाऊ माझ्यावरच उखडली. "काऊन राहू देऊ? वयानं का आत्या होते माणूस? माह्या पोरायले राखी ते बांधते, नाव तेच ठेवीन."

लेक पुढे झाली, आणि पाळणा निघाला तिच्या डोक्याच्या वर. तिनं सवयीनं माझ्याकडे वळून दोन्ही हात वर केले. आता खाली बसून काय होणार? एवढ्या बायांदेखत तिचे हात तसेच वर. कंबरेचं काय व्हायचं ते होवो म्हणून मी वाकलेच होते, तेवढ्यात पुरुषांच्या घोळक्यातून पुतण्या आत घुसला.

"काकू, सरका तुमी."

त्यानं तिला उचलून दंडावर बसवलं. बायांमधून कुणीतरी म्हणालं, "अवं, मानसाचं काय काम इथं?"

"भाऊ हाय थो तिचा," जाऊ म्हणाली.

त्याच्या दंडावरून ती पाळण्यात वाकली. एका हातानं त्याची कॉलर घट्ट धरलेली. मी बघत राहिले आणि मला रडू आलं. बारशाच्या घरात मी उघड उघड रडले आणि जावेनं पदर पुढे केला.

पण पोरीचं सांगणं काही संपेना. नाव होतं दोन अक्षरांचं आणि ही बाळाच्या कानाला लागलेलीच. बाया हसायला लागल्या. शेवटी तिनं डोकं वर काढून नाव मोठ्यानं सांगितलं आणि धपाट्यांसाठी पाठ पुढे केली. एवढ्याशा पाठीवर हात उचलेना कुणाचा. "मारा ना," ती म्हणाली, "मी आत्या हाय." मग सगळ्यांनी एकेक हात फिरवला. जावेनं मात्र रीतसर धपाटा घातला.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या मांडीवर होती. मी विचारलं, "नाव तं एवढंसं. इतका वेळ काय सांगून राह्यली होती त्याले?"

सगळ्यांच्याच आयांची कंबर दुखते असं तिला वाटतं. खिडकीबाहेर बघतच तिनं सांगितलं, "मी म्हटलं, मी तुही आत्या हाय. तुह्या आईनं नाई उचललं तं रडू नको, तिची कंबर दुखत असन. मले आवाज दे. मी येईन तुले उचलाले."