खाडीकाठची बिनकामाची फेरी

आयुष्यातले अवघे साडेचार महिने उरलेल्या सगळ्या आयुष्याला पुरवणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, आणि दुर्दैवाने तो माझा मामेभाऊ होता. मुंबईच्या कॉलेजात इमारतींचे आरेखन शिकत असताना एका सत्रापुरती त्याची इटलीला निवड झाली. गेला तेव्हा तो रत्नागिरीकडचा, मान खाली घालून चालणारा साधा मुलगा होता. परतला तो इटालियन होऊन. पदवी हाती आल्यावर मामूंच्या इमारती लाकडाच्या व्यापारात हातभार लावायला तो दुबईच्या देरा भागात उतरला, आणि मामूंनी स्वतःच्या घरातील शांततेचा विचार करून त्याची वळकटी थेट माझ्या खोलीत पाठवून दिली. साठच्या दशकाचा मध्य होता तो. दुबईत वीज अजून नवलाईची होती, रस्ते वाळूचे होते, आणि बोट दूर समुद्रात नांगर टाकी व माणसे होडक्यांतून खाडीत येत. मी मामूंच्या पेढीवर पत्रव्यवहार पाहत असे. पेढी आणि खोली, या दोन ठिकाणांपलीकडे मला फारसे जग नव्हते आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती.

त्याच्या पाठोपाठ अम्माचे पत्र आले. मामूंनी त्याच्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीला मागणी घातली होती. अम्माने लिहिले होते, ‘भावाला मी तोंडावर काय सांगू? मुलगा तुझ्या डोळ्यांसमोर आहे. कसा आहे ते खरे लिही. तू नको म्हणालास, तर मी नको म्हणेन.’ मी त्याच दिवशी कागद घेतला आणि उत्तराची पहिली ओळ लिहिली: ‘मुलगा स्वभावाने वाईट नाही.’ ती ओळ पुढे दोन महिने एकटीच राहिली. कारण दुसरी लिहायला बसलो की मागून काहीतरी आदळल्याचा आवाज येई. त्याला हात न हलवता बोलता येत नसे, आणि आमची खोली हात हलवण्याच्या हिशेबाने बांधलेली नव्हती. दौत दोनदा सांडली, कंदिलाची काच एकदा फुटली, आणि एकदा तर केवळ ‘आज हवा बरी आहे’ एवढे सांगताना त्याने खुंटीवरचा माझा कोट खाली पाडला.

खाण्याच्या बाबतीत त्याचे इटालियनपण सर्वांत जाचक होते. वास्तविक तेथील पहिल्याच जेवणात त्याची फजिती झाली होती. तो एका विधवा बाईंकडे पैसे भरून राहत असे. त्यांना तो सिन्योरा म्हणे. सिन्योराने पहिल्या दिवशी त्यांच्याकडच्या शेवयांची थाळी पुढे ठेवली. याने तेच सबंध जेवण समजून ती संपवली. बाईंनी आणखी वाढले. आपल्याकडे पाहुण्याने पानात टाकणे हा यजमानाचा अपमान, म्हणून तेही संपवले. तिसऱ्यांदा तेच घडले. आणि मग बाईंनी मुख्य जेवण आणले, अख्खा मासा. रिकामी थाळी दिसली की वाढायचे हा त्यांचा रिवाज, वाढले की संपवायचे हा आपला. दोघांपैकी एकालाही थांबता येईना. मासा, भाजी आणि फळे पोटात गेल्यावर हा भिंतीला धरून खोलीत गेला. बाईंची मात्र पक्की खात्री झाली की या मुलाच्या देशात दुष्काळ पडलेला आहे, आणि त्यांनी सत्रभर त्याला त्याच बेताने जेवू घातले. या अनुभवातून कोणीही शेवयांची धास्ती घेतली असती. याने त्यांचे व्रत घेतले. आमच्या खाणावळीत बाणकोटकडचे एक वृद्ध आचारी होते. ईदेच्या सकाळी याने त्यांना शेवया मिठाच्या पाण्यात अर्ध्या कच्च्या उकडायला लावल्या, त्यांवर टोमॅटोचा रस्सा ओतला आणि बारा भुकेल्या माणसांपुढे ठेवल्या. आचारी शांतपणे म्हणाले, “बाबा, दूध आटवून ठेवलंय, ते आता मी कुणाला पाजू?” आम्ही ते दूध नुसतेच प्यालो. ती ईद लक्षात राहिली.

दुसरे व्रत कॉफीचे. इटलीत कॉफी उभ्याने, दोन घोटांत घेतात म्हणे. मामूंनी एकदा आम्हा दोघांना एका अरब व्यापाऱ्याकडे नेले. मोठा सौदा ठरायचा होता. गालिच्यावर सगळे मांडी घालून बसले, छोट्या पेल्यांतून कॉफी आली, आणि आमचे चिरंजीव पेला घेऊन ताडकन उभे राहिले. यजमानांना वाटले, पाहुणा काही बोचून उठला. ते तत्काळ उभे राहिले. यजमान उभे, म्हणून बैठकीतली पंधरा माणसे उभी राहिली. कोपऱ्यात गुडघ्यांनी अधू झालेले एक आजोबा होते, त्यांनाही दोघांनी बगलेत हात घालून उभे केले. एवढे लोक आपल्या मानार्थ उभे आहेत, तेव्हा आता बसणे बरे नव्हे, असे याला वाटले. सौदा उभ्यानेच झाला. परतताना मामूंनी सबंध रस्ताभर एकच शब्द उच्चारला: “खलास.” तो कशाला उद्देशून होता हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

परंतु माझा खरा छळ संध्याकाळी साडेपाचला सुरू होई. इटलीत म्हणे सगळे गाव या वेळी चांगले कपडे घालून रस्त्यावर येते आणि काहीही काम नसताना वरखाली फिरते. हा कोळशाच्या इस्त्रीने दोन सदरे कडक करी, एक स्वतः घाली आणि दुसरा माझ्या अंगावर चढवी. मग अब्रा नावाच्या होडीच्या धक्क्यापासून लाकडाच्या वखारीपर्यंत आणि वखारीपासून धक्क्यापर्यंत, अशा चार फेऱ्या. चालता चालता बोलणे त्याला अशक्य असल्यामुळे दर दहा पावलांवर मुक्काम. प्रत्येक दुकानाशी थांबून तो सलाम करी आणि मला पुढे ढकली: “हे माझे भाई. फार सुंदर पत्रं लिहितात.” मी माझ्या बुटांकडे पाही. देऱ्यात काम असल्यावाचून कोणी चालत नसे. धान्याच्या दुकानदाराने विचारले, “किधर चले?” हा आनंदाने म्हणाला, “कहीं नहीं.” दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर मिळाले तेव्हा दुकानदाराचा चेहरा संशयी झाला. तिसऱ्या दिवशी धक्क्यावरचा पहारेकरी दोन फेऱ्या आमच्या मागून चालला. पुढे हमालांनी आपसांत ठरवले की या दोघांचे काहीतरी हरवले असावे. त्यांनी पोती खाली ठेवली आणि वाळूत शोधायला सुरुवात केली. एकाला बटण सापडले. याने ते मोठ्या गंभीरपणे खिशात टाकले आणि सर्वांशी हस्तांदोलन केले. मी त्या रात्री पत्राची दुसरी ओळ लिहिली, तिसरी लिहिली, चार पाने भरली. शेवया, पेला, हमाल, बटण, काहीही वगळले नाही. शेवटी लिहिले: ‘सबब, माझ्या मते नकार कळवावा.’

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्याने सदरा पुढे केला. मी म्हणालो, “आज मी येणार नाही. काम नसताना सभ्य माणसं बाहेर पडत नाहीत.” माझ्यासारख्या माणसाने एवढे बोलणे म्हणजे भांडणच होते. तो ट्रंकेवर बसला. प्रथमच त्याचे हात स्वस्थ होते.

“पहिले दोन महिने मीही नाही पडलो, भाई,” तो म्हणाला. मग जे सांगितले ते त्याने आजवर कोणाला सांगितलेले नव्हते. काम नसताना रस्त्यावर फिरणारा तो उनाड, हे आपल्याकडून शिकून गेलेला मुलगा तेथे चार वाजता खोलीवर येई आणि अंधार पडेपर्यंत खिडकीशी उभा राही. गावात त्याला कोणीही ओळखत नव्हते. एके दिवशी सिन्योराने त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली, त्याच्या दंडात हात अडकवला आणि त्याला रस्त्यावर नेले. “दर दुकानाशी थांबायची आणि म्हणायची, हा माझा. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी न्हावी मला नावानं हाक मारत होता.”

तो सदऱ्याची घडी नीट करीत म्हणाला, “तुम्ही इथं चार वर्षं आहात. मी आलो तेव्हा समोरच्या दुकानदाराला तुमचं नाव ठाऊक नव्हतं.” मग मान खाली घालून, अगदी पूर्वीच्या त्या मुलासारखा: “आणि ती आली, म्हणजे तुम्ही पाठवलीत तर, दिवसभर खोलीत कुणाशी बोलेल? होडीतून उतरून ह्या रस्त्यानं येईल तेव्हा चार माणसांनी ओळखीनं सलाम करावा, इतपत तयारी करून ठेवतोय, इन्शाल्ला.”

मी सदरा घातला. फेरीहून परतल्यावर पत्र काढले. चार पाने पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला आणि त्यांतला शब्दही खोटा नव्हता. म्हणून शेवटच्या ओळीवर काट मारून खाली लिहिले: ‘वर लिहिलेले सर्व खरे आहे. तरी होकार कळवावा.’

बहीण आली त्या दिवशी धक्क्यापासून खोलीपर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला तासभर लागला. धान्याच्या दुकानदाराने खजूर दिला, हमालांनी सलाम केला, पहारेकऱ्याने ट्रंक उचलली. ती मला हळूच म्हणाली, “भाई, ह्यांना सगळं गाव ओळखतं?” मी म्हणालो, “दुर्दैवानं.” पुढची चाळीसहून अधिक वर्षे तिने तो वैताग माझ्याहून हसतमुखाने सोसले. चौथ्या फेरीला मात्र ती चादर सावरून म्हणे, “यल्ला, घरी,” आणि तो बिनतक्रार वळे. ईदेला दोन प्रकारच्या शेवया होत. त्याच्या प्रकाराला मी शेवटपर्यंत हात लावला नाही. आता वाटते, एकदा लावायला हरकत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. इद्दतीचे, म्हणजे विधवेने घरात राहण्याचे, चार महिने दहा दिवस बहीण घराबाहेर पडली नाही. मीही नाही पडलो. मला तर कोणी अडवलेही नव्हते. त्यानंतरच्या संध्याकाळी साडेपाचला तिने दार वाजवले. हातावर इस्त्री केलेला सदरा होता.

वाळूचा तो रस्ता केव्हाच नाहीसा झाला आहे. जमिनीखालून रेल्वे धावते आणि ओळखीची दुकाने एकेक करून मिटली. आम्ही धक्क्यापासून निघालो, सावकाश. घड्याळांच्या एका दुकानात नवा तरुण बसला होता. दोन म्हातारी माणसे दुसऱ्यांदा समोरून जाताना पाहून तो बाहेर आला आणि त्याने अदबीने विचारले, “चाचा, किधर जाना है?”

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी बुटांकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. “कहीं नहीं,” मी म्हणालो, आणि तिला दंडाला धरून थोडे पुढे केले. “यह मेरी बहन है.”