घरात सगळेच दुधातले तज्ज्ञ

पहाटे डोळे उघडल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत ज्या घरात दुधाशिवाय दुसरा विषय निघत नाही, त्या घरात ती सून म्हणून आली. आणि नेमकं तिचंच दूध त्या घराला पसंत पडलं नाही. आता यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा!

कोपऱ्यावर सासऱ्यांचं दुधाचं दुकान, मागे कॅन ठेवायची थंडगार खोली आणि वर राहतं घर. गल्लीत सगळे सासऱ्यांना 'शेठ' म्हणायचे आणि शेठ ते ऐकून आणखी फुगायचे. सासूबाई गल्ल्यावर बसून दही-लोणी तोलायच्या. नवरा मोटरसायकलला कॅन लटकवून घरोघरी रतीब घालायचा. ती लग्नाआधी एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. हात चपळ, बोलणं बेताचं. सासरी आल्या आल्या तिच्या वाट्याला कॅन घासणं आलं. तिने तेही निमूटपणे केलं.

त्या घराची एक रीत होती. दूध आलं की आधी घरचा छोटा कॅन भरून बाजूला ठेवायचा. मग थंड खोलीचं दार लावून शेठ बाकीचं दूध 'सारखं' करायचे. सारखं करायचे म्हणजे काय, ते मागच्या नळाला विचारा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाणी हा शब्द कुणाच्या तोंडून निघायचा नाही. देवमाणसंच जणू! गिऱ्हाईक समोर आलं की शेठ छातीवर हात ठेवून सांगायचे, "आपल्या दुधात एक थेंब सापडला तर नाव बदलेन."

मग बाळ झालं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं, सहा महिने फक्त अंगावरचं पाजा, वरचं काही नको, पाणीसुद्धा नको. तिने ते मनावर घेतलं. बाळही पोटभर प्यायचं, कपडे भिजवायचं, झोपायचं. फक्त संध्याकाळ झाली की रडायचं. आता संध्याकाळी पोरं रडतातच. पण दुधातल्या तज्ज्ञांच्या घरातलं पोर नुसतं कसं रडेल!

"पोट भरत नाहीये त्याचं," सासूबाई म्हणाल्या.

"पण वजन वाढतंय ना, आई."

"वजनाचं मला नको सांगूस. वजनकाट्यावर उभी हयात गेली माझी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे स्टीलची वाटी ठेवली. म्हणाल्या, थोडं काढून दे, बघू तरी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नवीन सून, त्यात बाळंतीण, नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर? तिने काढून दिलं. वाटी शेठपुढे गेली. शेठनी चष्मा पुसला, बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर थेंब सोडला आणि नख तिरकं केलं. थेंब सरकन घसरला.

"पाणी आहे," शेठनी निकाल दिला. "निळसर मारतंय. असलं दूध माझ्या दारात आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

अहो, दर वेळी पाजताना सुरुवातीला येणारं आईचं दूध पातळच असतं, तहान भागवणारं. दाट मागाहून येतं. पण हे यांना कोण सांगणार? पितळ उघडं पडायची भीती नसली की माणूस पाण्याविषयी किती अधिकाराने बोलतो, ते शेठकडे बघून शिकावं. सासूबाईंनी तर वाटीतलं दूध तापवून साय धरते का तेही पाहिलं. धरली नाही. झालं, खटला संपला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होता. "आई म्हणतेय तर दे ना वरचं थोडं," तो म्हणाला. एवढाच त्याचा पुरुषार्थ.

बाटली आली. सासूबाई दुधात निम्मं पाणी घालून ती भरायच्या. बाटली सोपी, आयती तोंडात गळणारी. हळूहळू बाळ अंगावर घेताना तोंड फिरवायला लागलं, आणि बाळ ओढेना तसं तिचं दूधही कमी व्हायला लागलं. सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघ, म्हटलं नव्हतं? आटलं की नाही?" आग लावणाऱ्यानेच धूर दाखवावा, तसा प्रकार.

पण बाळ काही बाळसं धरेना. गालांचा फुगीरपणा गेला, मांड्या सैल पडल्या. बाटली रिकामी करूनही ते रडायचं, आणि मग रडायचंही कमी झालं. तेव्हा मात्र ती घाबरली.

एके सकाळी ती थंड खोलीत कॅन घासायला गेली, तर नवरा बाळाचं भांडं विक्रीच्या मोठ्या कॅनमधून भरत होता.

"अहो, हे तर सारखं केलेलं आहे!"

"हो, मग? रोज यातलंच देतो. घरच्यातलं काढलं तर बाबांच्या दह्याला साय कमी पडते. आणि हे हलकं असतं, पचेल त्याला."

म्हणजे दुकानात सासऱ्यांनी सारखं केलेलं दूध वर जाऊन सासूबाई पुन्हा सारखं करत होत्या, आणि दोघांच्या हुशारीत पोर उपाशी! तिने वर जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या उसळल्याच. "आपल्या दुधाला नावं ठेवतेस? स्वतःला येत नाही म्हणून?"

ती वाद घालत बसली नाही. बाळ उचललं आणि निघाली. गल्लीत शोभा नको म्हणून सासू-सासरेही मागोमाग डॉक्टरीणबाईंकडे आले.

बाहेर बाकांवर गर्दी होती, त्यातली निम्मी शेठची गिऱ्हाइकं. आत-बाहेर मध्ये नुसता पडदा. डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वरचं देताय? त्यात पाणी किती?"

"निम्मं," सासूबाई म्हणाल्या.

"तेवढ्यानं इतकी हालत होत नाही. मुळात दूध कसं आहे?"

पडद्यापलीकडची कुजबुज थांबली. शेठनी पडद्याकडे पाहिलं, मग नातवाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. आणि छातीवर हात ठेवला. "आपल्या दुधात? एक थेंब नाही. हिचंच अंगावरचं पहिल्यापासून पाणचट. आईत दोष असला की पोर काय करणार?"

तिला वाटलं होतं, निदान इथे तरी हा माणूस खरं बोलेल. वाह रे आजोबा! आजवर त्या घरात कुणी न उच्चारलेला शब्द तिने पडद्याबाहेर जाईल इतक्या मोठ्याने उच्चारला.

"डॉक्टर, दुधात पाणी दोनदा पडतंय. एकदा दुकानात, एकदा घरी. रोज."

बाहेर कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला.

डॉक्टरीणबाईंनी सासू-सासऱ्यांकडे बघायचीही तसदी घेतली नाही. बाळाला तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "बाटली आजपासून बंद. दर थोड्या वेळाने अंगावर घे, ते ओढेल तसं दूध परत येईल. त्रास होईल, पण येईल. आणि वजनाला रोज घेऊन ये, माझी नजर राहू दे. आत्ता इथेच, बाहेर बाकावर बसून सुरू कर."

ती बाहेर आली आणि सगळ्यांच्या देखत कोपऱ्यातल्या बाकावर पाजायला बसली. बाळाने तोंड फिरवलं, किंचाळलं, पाठ ताणली. तिने पुन्हा जवळ घेतलं. पुन्हा तेच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने सोडलं नाही. एक म्हातारी गिऱ्हाईक उठून तिच्या पाठीशी उशी ठेवून गेली. शेवटी बाळाने कुरकुरत तोंडात घेतलं, आणि बऱ्याच वेळाने घोट गिळल्याचा आवाज आला.

शेठ तिच्यापुढे येऊन उभे राहिले. चेहरा काळाठिक्कर पडला होता. "सत्यानाश केलास," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आता गिऱ्हाइकांना मी काय तोंड दाखवू?"

तिने मान वर केली नाही. बाळाच्या घशाकडे बघत ती पुढच्या घोटाची वाट पाहत होती.

नातवाचं वजन किती घटलं, हे शेठनी घरी पोचेपर्यंत विचारलं नाही, आणि पोचल्यावरही नाही.