लाल फुलीचा दगड

मसाटच्या कारखान्यात मी ओतीव भागांचे एक्स-रे काढतो. आत पोकळी दिसली की भागावर त्या जागी लाल फुली मारायची आणि तो लगेच घणाने फोडायचा, म्हणजे चांगल्या मालात मिसळत नाही, ही आमची पद्धत.

कॉलेजात मला भूविज्ञान शिकवणाऱ्या बाई त्या दिवशी रिक्षातून एक दगड मांडीवर घेऊन आल्या. डायनासोरांच्याही आधीच्या, पर्मियन काळातल्या प्राण्यांची हाडं त्या शोधायला लागल्या, तेव्हा सोबतचे लोक हसले होते. या दगडात कवटी असावी असं त्यांना वाटत होतं आणि तो न फोडता आत बघायचं होतं. त्यांना ऑफिसात बसवून मी एक्स-रे काढला आणि चहा सांगायला गेलो. तिथेच चुकलो.

परत आलो तर टेबल रिकामं. कामावरचा माझा धुळ्याचा जोडीदार फिल्म बघत म्हणाला, "भाऊ, मधी खड्डा शे. फेल केला." वस्तू काय आहे हे आमच्याकडे कुणी बघत नाही, फिल्म बघतात.

मी यार्डात धावलो. घण चालू होता आणि दगड रांगेत तिसरा होता. तो उचलून पोटाशी धरला आणि फिल्म घेऊन ऑफिसात गेलो.

बाईंनी फिल्म उजेडात धरली, मग दगडावरच्या फुलीवर बोट ठेवलं. "बरोबर डोळ्याची खोबण. कुणी केली खूण?"

"आमच्या माणसाने."

"हुशार आहे. आणि बाहेर हा आवाज कसला?"

"काम चालू आहे," मी म्हणालो. दगड मी अजून पोटाशीच धरला होता.